रक्ताची नावे

मराठी माणसाच्या बोलण्यात रक्ताला मोठे स्थान आहे. कष्ट करणारा रक्ताचे पाणी करतो, काळजी करणारा रक्त आटवतो, संतापलेल्याच्या डोळ्यांत रक्त उतरते आणि भाऊबंदकी कितीही विकोपाला गेली तरी नाते रक्ताचेच राहते. आजारपणाचा विषय निघाला की मात्र हीच भाषा एकाएकी कृपण होते. ‘अंगात रक्त नाही’, ‘पोर पांढरीफटक पडली आहे’ एवढ्यावर घरातील वडीलधाऱ्यांचे निदान संपते. त्यापुढचे शब्द येतात ते रक्त तपासून आलेल्या कागदावर. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, इओसिनोफिल आणि एका कोपऱ्यात रक्तगटाचे अक्षर. हा कागद हाती धरून बसलेल्या माणसाला त्यातील शब्द देवघरातील मंत्रासारखे वाटतात. अर्थ ठाऊक नसतो, पण त्यावर आपले बरेवाईट अवलंबून आहे हे ठाऊक असते.

हे शब्द एका दिवशी, एका पंडिताच्या टेबलावर तयार झालेले नाहीत. त्यांतील काही चुकीतून जन्मले, काही भांडणातून. काहींचा अर्थ केव्हाच खोटा ठरला तरी ते चिकटून राहिले. आणि रोगाचे नाव ही काही कोशापुरती गोष्ट नव्हे. नावावरून उपचार ठरतो. बाटलीवर लिहिलेल्या नावाच्या भरवशावर एकाचे रक्त दुसऱ्याच्या शिरेत सोडले जाते.

आपल्याकडील जुने नाव पांडुरोगाचे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय या रोगाला वाहिलेला आहे. पांडु म्हणजे फिकट, पिवळसर पांढरा. त्या काळच्या वैद्यापुढे रोग्याची कातडी, डोळे, नखे आणि धापा टाकणारा श्वास एवढाच पुरावा होता, आणि त्याने नावही दिसले त्यावरूनच ठेवले. शरीरातील सात धातूंत रक्ताचा क्रमांक दुसरा. आहाररस यकृतात आणि प्लीहेत जातो, तेथे रंजक पित्ताने रंगतो आणि त्याचे रक्त होते, अशी सुश्रुताच्या परंपरेची कल्पना होती. पांडुरोगावर सांगितलेल्या औषधांत नवायस नावाचे चूर्ण आहे. त्यात नऊ वनस्पतिद्रव्ये आणि त्यांच्या बरोबरीने नऊ भाग लोह असते. रक्ताच्या लाल रंगात लोखंड आहे हे सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी वैद्यांच्या हाताला ते सापडले होते, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखी आहेही. तथापि त्यावरून पांडुरोग आणि आजचा ॲनिमिया एकच, असे मानणे बरोबर नाही. जुन्या ग्रंथांत कामला, म्हणजे आपली कावीळ, ही पांडुरोगाची पुढची पायरी म्हणून येते. आजच्या वैद्यकात या दोन अगदी निराळ्या वाटा आहेत. ‘पांडु’ हे रोग्याच्या वर्णाचे वर्णन होते. ‘ॲनिमिया’ हे रक्तातील हिमोग्लोबिनच्या तुटीचे नाव आहे. परिभाषा करणाऱ्यांनी एकाच्या जागी दुसरा शब्द बसवला तो सोयीसाठी. बोलीतील ‘रक्तक्षय’ अर्थाने अधिक जवळचा, पण त्यातील ‘क्षय’ कानावर पडला की ऐकणाऱ्याच्या मनात भलतीच शंका उभी राहते.

युरोपातही पहिली नावे रंगावरूनच पडली. तरुण मुलींना होणाऱ्या एका फिकटपणाला तेथे ‘क्लोरोसिस’, म्हणजे हिरवट पडण्याचा रोग, म्हणत. जर्मन वैद्य योहान्स लांग याने १५५४ साली त्याचे वर्णन केले आणि उपाय सुचवला तो मुलीचे लग्न करून देण्याचा! ही औषधयोजना आपल्याकडील कित्येक मंडळींनाही मनापासून पटली असती. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडातील सिडनहॅमने लोखंडाचा कीस मद्यात भिजवून द्यावयास आरंभ केला आणि १८३२ साली फ्रान्समधील ब्लो याने लोहाच्या गोळ्या प्रचारात आणल्या. मुली बऱ्या होऊ लागल्या, रोगाचे खरे कारण लोहाची उणीव हे कळले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्लोरोसिस हे नाव वैद्यकाच्या पुस्तकांतून दिसेनासे झाले. ‘ॲनिमिया’ हा शब्द राहिला. त्याचा ग्रीक अर्थ ‘रक्तविहीनता’. संस्कृतातील ‘अन्’ हा नकार आणि ग्रीकांचा ‘अन्’ हा सख्खा भाऊबंद आहे. वास्तविक रक्तविहीन माणूस जगणारच नाही, पण नावाला एवढी अतिशयोक्ती क्षम्य म्हटली पाहिजे.

रक्ताच्या आत काय आहे हे पाहण्याची सोय सूक्ष्मदर्शकाने केली. हॉलंडमधील स्वामरडाम याला १६५८ साली बेडकाच्या रक्तात कण दिसले होते. डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून १६७४ साली माणसाच्या रक्तातील तांबडे कण पाहून त्यांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. पांढरे कण संख्येने थोडे आणि रंगाने फिके, त्यामुळे त्यांच्याकडे लक्ष जाण्यास आणखी बराच काळ जावा लागला. या कणांमधील पातळ भागाला पुढे दोन नावे पडली, आणि त्या दोहोंत अजूनही पुष्कळांचा घोटाळा होतो. रक्त गोठू न देता कण वेगळे काढले तर उरतो तो प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव. रक्त गोठू दिले तर गुठळीभोवती जे निवळ पाणी सुटते ते सीरम, म्हणजे रक्तरस. गोठवणारे द्रव्य गुठळीत अडकल्यामुळे ते त्यात उरलेले नसते. सीरम या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ दह्याचे पाणी. ज्याने घरी चक्का टांगून ठेवला आहे त्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता त्या नावाकडे वळले पाहिजे, ज्याच्या उच्चाराने आजही घरात शांतता पसरते. १८४५ सालच्या ऑक्टोबरमध्ये एडिंबरा येथील जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टरने एका रोग्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अठ्ठावीस वर्षांचा हा मनुष्य छपरांवर पाटीचे दगड बसवण्याचे काम करी. त्याची प्लीहा वाढत वाढत पोटभर झाली आणि तो मेला. शवविच्छेदनात त्याचे रक्त पांढऱ्या कणांनी भरलेले आढळले. बेनेटला हे कण पुवातील कणांसारखे दिसले, आणि त्याने निष्कर्ष काढला की रक्तालाच पू झाला आहे. त्याची ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पुवात दिसणारे कण हे बहुतांशी रक्तातील पांढरे कणच असतात. त्या काळच्या भिंगाखाली दोहोंत भेद करणे अशक्यच होते. पण पू म्हटला की त्याचा उगम कोठेतरी हवा, गळू हवे, जखम हवी. या रोग्याच्या देहात तसे काहीच सापडले नाही, आणि बेनेटने तेही प्रामाणिकपणे नोंदवले.

सहा आठवडे गेले असतील नसतील तोच बर्लिनमध्ये रुडॉल्फ विर्खो याचा लेख बाहेर पडला. विर्खो तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम करीत असे. त्याच्यापुढे आली ती पन्नाशीची एक स्वयंपाकीण. तिचीही प्लीहा तशीच वाढलेली. तिच्या रक्तात तांबड्या आणि पांढऱ्या कणांचे नेहमीचे प्रमाण उलटेपालटे झाले होते. विर्खोने या लेखाला मथळा दिला ‘पांढरे रक्त’. दोनच शब्द, आणि त्यांत कसलाही सिद्धांत नाही. पू नाही, दाह नाही, कारण नाही. जे दिसले ते सांगितले आणि न कळलेल्या गोष्टीविषयी तो गप्प राहिला. तरुण संशोधकाला गप्प राहणे किती कठीण असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दोन शब्दांचे मोल कळेल. दोन वर्षांनी, १८४७ मध्ये, त्याने त्याच शब्दांचे ग्रीक रूपांतर केले. ‘लेउकोस’ म्हणजे पांढरे, ‘हाइमा’ म्हणजे रक्त, त्यातून ल्यूकेमिया.

बेनेट स्वस्थ बसला नाही. रोग प्रथम आपण पाहिला हा त्याचा दावा खरा होता, आणि त्याने पुढे स्वतःचे नावही सुचवले : ‘ल्यूकोसायथीमिया’, म्हणजे पांढऱ्या पेशींचे रक्त. काटेकोरपणे पाहिले तर हे नाव अधिक यथार्थ आहे. ल्यूकेमियाच्या रोग्याचे रक्त दुधासारखे पांढरे नसते; त्यात पांढऱ्या पेशी बेसुमार असतात, एवढेच. तरी जग विर्खोच्या मागे गेले. लोकांच्या जिभेला सात अक्षरांपेक्षा चार अक्षरे सोपी वाटली असावीत. प्रथम पाहण्याचा मान बेनेटचा, पण नाव ठेवण्याचा मान विर्खोने नेला.

या नावानंतर एक गोष्ट मात्र घडली. रक्तालाच स्वतंत्र रोग होऊ शकतो ही कल्पना रुजली. १८६८ साली क्योनिग्सबर्गच्या नॉयमान याने रक्तातील पेशी हाडांच्या मगजात तयार होतात हे दाखवले, आणि ल्यूकेमियाचे मूळ शोधण्याची जागा प्लीहेतून मगजाकडे सरकली. पांढऱ्या पेशी ही एकच जात नाही हे जर्मनीतील पॉल एर्लिख याने १८७९ च्या सुमारास रंग वापरून उघड केले. ज्या पेशीतील कण इओसिन नावाचा तांबडा रंग उचलतात तिला त्याने इओसिनोफिल, म्हणजे इओसिनची आवड असलेली, म्हटले. इओसिन हा शब्द ‘इओस’ या ग्रीक उषादेवतेवरून आलेला आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ती देवता आणि ऋग्वेदातील उषा या एकाच मुळातून निघाल्या. दम्याच्या रोग्याच्या कागदावर वाढलेल्या इओसिनोफिलचा आकडा लिहिला जातो तेव्हा तेथे उषेचे नाव असते, याची जाणीव लिहिणारालाही नसते आणि वाचणारालाही. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या चकत्यांना तुरीनच्या बिझ्झोझेरोने १८८१-८२ साली ओळखून स्वतंत्र नाव दिले. त्यांनाच मराठीत बिंबाणू म्हणतात. डेंग्यूच्या दिवसांत ‘प्लेटलेट किती?’ हा प्रश्न आता खेड्यापाड्यांतही विचारला जातो.

नाव चुकले की समजूत कशी चुकते याचे उदाहरण म्हणजे हीमोफिलिया. काही घराण्यांत मुलग्यांच्या जखमा वाहू लागल्या की थांबत नाहीत, ही गोष्ट यहुदी धर्मशास्त्रकारांच्याही ध्यानात आली होती. दोन भाऊ सुंतेनंतर दगावले असतील तर तिसऱ्याला त्यातून सूट द्यावी असा नियम तालमुदात आहे. फिलाडेल्फियाच्या जॉन ऑटो याने १८०३ साली अशा एका घराण्याचा वृत्तांत दिला. रोग होतो तो पुरुषांना, पण तो पुढे जातो तो निरोगी दिसणाऱ्या स्त्रियांकडून, हेही त्याने नोंदवले. १८२८ साली हॉफ नावाच्या वैद्यक विद्यार्थ्याच्या प्रबंधात त्याला हीमोफिलिया हे नाव मिळाले. शब्दशः अर्थ ‘रक्ताची आवड’! याहून विसंगत नाव शोधूनही सापडणार नाही. या नावाने आणि राजघराण्यांच्या कथांनी असा समज पसरला की हे रोगी टाचणी टोचली तरी रक्त वाहून मरतात. प्रत्यक्षात त्यांचा खरा वैरी आतला रक्तस्राव असतो. गुडघ्यात, घोट्यात वारंवार रक्त साठून सांधे निकामी होतात. मुलगा ‘लंगडतो’ म्हणून मालिश करीत बसणाऱ्या घरांतून हा अनर्थ पुष्कळदा झालेला आहे.

काही नावे औषध सापडल्यामुळे खोटी पडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या ॲडिसनने एका विचित्र पांडुरोगाचे वर्णन केले. त्यात लोहाचा उपयोग होत नसे आणि रोगी हळूहळू पण निश्चितपणे मरत. १८७२ मध्ये झ्यूरिकच्या बीर्मरने त्याला ‘पर्निशस’, म्हणजे घातक, हे विशेषण जोडले. १९२६ साली बोस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी रोग्यांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून त्यांना उठवून बसवले. १९३४ चे नोबेल पारितोषिक या दोघांना व्हिपल यांच्यासह मिळाले. घातक रोग घातक उरला नाही, नाव मात्र अजूनही ‘पर्निशस ॲनिमिया’ असेच आहे.

याच रोगाच्या सावलीतून मुंबईची कथा सुरू होते. गरोदर स्त्रियांना होणारा एक तीव्र पांडुरोग मुंबईत फार आढळे. त्यात रक्तपेशी संख्येने घटत आणि आकाराने मोठ्या होत. चित्र पर्निशस ॲनिमियासारखे दिसे, आणि अनेक स्त्रिया बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर दगावत. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर या मृत्यूंच्या चौकशीसाठी मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम सुरू केले. त्याच वर्षी गिरणीकामगारांचा सहा महिने चाललेला संप झाला होता. गिरणगावातील चुली कशा पेटत असतील याची कल्पना त्यावरून करावी. तिच्या रोग्यांत गिरण्यांतून काम करणाऱ्या बायका होत्या. विल्सने जंतूंचा संशय घेतला, तो फोल ठरला. मग तिने या बायकांच्या घरी काय शिजते याची चौकशी केली. जितका आहार निकृष्ट, तितका रोग अधिक.

तिने तोच आहार गाभण उंदरांना घातला. ते खंगले, आणि पिले होण्याआधीच मरू लागले. किण्व, म्हणजे यीस्ट, आहारात घातले की रोग टळे. पुढे माकडांवर प्रयोग करताना तिच्या हाती मार्माइट आले. बिअरच्या भट्टीत उरणाऱ्या किण्वाचा हा काळपट, खारट अर्क इंग्लंडात पावाला लावून खातात. तो स्वस्त होता आणि बाजारात मिळत होता. माकड सुधारले. मग तो अर्क रोगी स्त्रियांना दिला गेला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ साली विल्सने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. किण्वातील त्या अज्ञात द्रव्याला काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. पुढे तिने आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली : पर्निशस ॲनिमियाला गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या स्त्रियांना लागू पडत नाही, अशुद्ध अर्क मात्र पडतो. म्हणजे भिंगाखाली एकसारखे दिसणारे हे दोन निराळे रोग होते, आणि शुद्धीकरणात जे टाकून दिले जात होते त्यातच या बायकांचे औषध होते.

त्या द्रव्याला कायमचे नाव मिळाले ते १९४१ मध्ये. अमेरिकेतील टेक्सास येथे मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक वापरून ते वेगळे काढले आणि पानाच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल म्हटले. अत्यल्प द्रव्यासाठी चार टन पालेभाजी! जी भाजी घरोघर शिजते तीतच हे द्रव्य असते. ती फार वेळ उकळून पाणी ओतून दिले तर तेही पाण्याबरोबर जाते. १९४५ साली हे आम्ल लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते यल्लाप्रगड सुब्बाराव. आंध्रातील भीमावरमला जन्मलेला आणि १९२३ साली अमेरिकेला गेलेला हा मनुष्य रक्ताच्या इतिहासात दोनदा येतो. गरोदर स्त्रीला आज दिली जाणारी फॉलिक आम्लाची गोळी ही त्यातील पहिली खेप.

दुसरी खेप ल्यूकेमियाची. विर्खोने नाव ठेवल्याला शंभर वर्षे झाली तरी त्या रोगाने आजारी पडलेल्या मुलांसाठी डॉक्टरांजवळ सांत्वनापलीकडे फारसे काही नव्हते. बोस्टनच्या सिडनी फार्बरने त्यांना फॉलिक वर्गातील द्रव्ये देऊन पाहिली, आणि रोग उलट भडकतो आहे असे त्याला दिसले. ज्याने पेशी वाढतात त्याचा विरोधक दिला तर? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत अशी विरोधक द्रव्ये तयार झाली होती. वरून फॉलिक आम्लासारखी दिसणारी, पण पेशीला फसवणारी. त्यांतील ॲमिनोप्टेरिन फार्बरने दिले. १९४८ च्या जून महिन्यात त्याने सोळा मुलांचा वृत्तांत छापला. त्यांतील दहांचा रोग काही काळ मागे हटला होता. काही महिनेच, पण हे पूर्वी कधी घडले नव्हते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. त्या कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही मुलांच्या ल्यूकेमियावर वापरतात, आणि नीट उपचार मिळालेल्या मुलांपैकी पुष्कळजण आता पूर्ण बरे होतात. गिरणगावातील बाळंतिणींच्या आहाराची चौकशी करणाऱ्या विल्सच्या संशोधनाचा एक धागा येथवर येऊन पोहोचतो.

आकारावरून आणि जागेवरून पडलेल्या नावांची तुलना थोडक्यात करण्यासारखी आहे. शिकागोच्या हेरिकने १९१० साली कॅरिबियन बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी पाहिल्या. १९२२ मध्ये मेसनने रोगाला ‘सिकलसेल’ म्हटले. सिकल म्हणजे विळा. हे नाव कोठेही गेले तरी खरेच राहते. १९५२ साली हाच विळा निलगिरीतील आदिवासींच्या रक्तात सापडला, आणि पुढे विदर्भात व सातपुड्याच्या रांगांतही. याउलट थॅलसेमिया. १९२५ साली डेट्रॉइटच्या कूलीने इटालियन आणि ग्रीक घरांतील मुलांत हा रोग पाहिला म्हणून १९३२ मध्ये व्हिपल आणि ब्रॅडफर्ड यांनी त्याला ‘थलासा’, म्हणजे समुद्र, या शब्दावरून नाव दिले. समुद्र म्हणजे त्यांच्या मनातील भूमध्य समुद्र. आपल्याकडे सिंधी, लोहाणा आणि इतर कित्येक समाजांत तो पूर्वापार आहे, आणि त्यांचा त्या समुद्राशी काही संबंध नाही. या दोन्ही रोगांत ‘वाहक’ आणि ‘रोगी’ हे दोन शब्द मात्र फार जपून वापरले पाहिजेत. एकाच बाजूने दोष आलेला मनुष्य वाहक. तो सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. दोन वाहकांनी लग्न केले तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला रोगी होण्याचा संभव चारात एक. लग्न जमवताना वाहक मुलीला ‘रोगी’ म्हणून परत पाठवणारी घरे आहेत, आणि मुलाची तपासणीच न करणारीही तीच घरे आहेत.

रक्तगटांच्या बाबतीत नावाचा गोंधळ थेट प्राणावर बेतू शकत होता. व्हिएन्नाच्या लांडस्टायनरने १९०१ साली प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आणि स्वतःचे रक्त एकमेकांत मिसळून दाखवले की काही रक्तांच्या गुठळ्या होतात, काहींच्या होत नाहीत. त्याने तीन गट पाडले : ए, बी आणि सी. चौथा, एबी, पुढच्या वर्षी सापडला, आणि सी चे पुढे ओ झाले. हे सारे सरळ होते. पण १९०७ साली प्रागच्या यान्स्की याने आणि १९१० साली बाल्टिमोरच्या मॉस याने, एकमेकांचे काम ठाऊक नसताना, याच चार गटांना एक ते चार असे आकडे दिले. दोन आणि तीन हे आकडे जुळले. एक आणि चार नेमके उलटे झाले. यान्स्कीचा पहिला गट म्हणजे आजचा ओ. मॉसचा पहिला गट म्हणजे एबी. काही रुग्णालयांत एक पद्धत, काहींत दुसरी. एका ठिकाणी ‘पहिला गट’ म्हणून नोंदलेल्या माणसाचे एबी रक्त दुसऱ्या ठिकाणच्या ‘पहिल्या गटाच्या’ ओ रोग्याला दिले गेले तर काय होईल हे सांगावयास नको. १९२७ मध्ये लांडस्टायनरने पुन्हा अक्षरांचा आग्रह धरला, आणि हळूहळू सगळीकडे अक्षरे रूढ झाली.

अक्षरांनीही एकदा फसवले, आणि ते मुंबईतच. १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांबरोबर ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. मुंबईत काही माणसांचे रक्त असे आढळले होते की नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसे, पण ओ गटाचे रक्त त्यांना चालत नसे. त्यांच्या रक्तरसात ओ पेशींच्याही गुठळ्या होत. त्यांतील एक मनुष्य रेल्वेच्या अपघातात जखमी झालेला होता, दुसऱ्याला सुऱ्याचा वार बसला होता. ओ म्हणजे कोणालाही चालणारे, सर्वांत निर्धोक रक्त, हा तोवरचा विश्वास या दोघांच्या बिछान्यापाशी डळमळला. कारण पुढे स्पष्ट झाले. ए आणि बी ही द्रव्ये पेशीवर ज्या पायावर उभी राहतात त्याला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसाजवळ निदान तो पाया असतो. या माणसांजवळ तोही नाही. म्हणून एच असलेले कोणतेही रक्त त्यांच्या देहाला परके वाटते, आणि त्यांना केवळ आपल्यासारख्याच माणसाचे रक्त घेता येते. हिंदुस्थानात अशी माणसे सुमारे दहा हजारांत एक असावीत. युरोपात ती याहून पुष्कळच दुर्मिळ.

या गटाला नाव पडले ते शहराचे : ‘बॉम्बे’. १९५७ साली मुंबईत रक्तगटांचे संदर्भकेंद्र स्थापन झाले आणि आज ती संस्था केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय पातळीवर काम करते. १९९५ मध्ये शहराचे नाव मुंबई झाले, रक्ताचे मात्र बदलले नाही; जगातील रक्तपेढ्या त्याला अजून बॉम्बेच म्हणतात. रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला हे रक्त लागले तर स्वयंसेवक गावोगावच्या याद्या काढून दूरध्वनी करतात, आणि एखादी बाटली रेल्वेने वा विमानाने शेकडो मैल प्रवास करते. पुष्कळांना आपला गट असा आहे हे त्या रात्रीपर्यंत ठाऊकच नसते, कारण त्यांच्या खिशातील कागदावर ओ लिहिलेले असते.

ही चूक टाळण्याची रीत साधी आहे. युलेक्स नावाच्या एका पिवळ्या फुलांच्या काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांचा अर्क काचेवरील रक्ताच्या थेंबात घालतात. खऱ्या ओ गटाच्या पेशी त्यात ताबडतोब एकमेकींना चिकटून दाणे पडतात. ते पडले नाहीत, थेंब तसाच एकसारखा तांबडा राहिला, तर त्या बाटलीवर ओ हे अक्षर लिहिता येत नाही.